मोकळा सोडलेला रकाना

आमच्या नाटक कंपनीत नागनाथ चौदा वर्षं प्रॉम्प्टर होता. नातेपुत्यापासून कुर्डुवाडीपर्यंत जिथे तंबू लागला, तिथे विंगेतल्या अंधारात हा वही घेऊन उभा. प्रेक्षकांनी त्याचं तोंड कधी पाहिलं नाही, पण आमची अब्रू त्याच्या हातात असायची. एकदा भर रंगलेल्या प्रवेशात मी वाक्य विसरले. दुसऱ्या कुणी अख्खं वाक्य सांगून टाकलं असतं. नागनाथनं फक्त पहिला शब्द दिला आणि थांबला. पुढचं माझं मला आठवलं, आणि टाळी मला मिळाली. नंतर मी त्याला विचारलं, की सगळं का नाही सांगितलंस? म्हणाला, "बाई, बोलायचं तुम्हाला होतं."

कंपनी मोडली. मी घरी बसले आणि नागनाथनं सोलापुरात भवानी पेठेत एका बंद दुकानाच्या पायरीपाशी टेबल मांडलं. तीस वर्षं त्यानं लोकांचे फॉर्म भरले. रेशनकार्ड, निराधारांचा पगार, शाळेचे दाखले, विडी कामगार बायकांची कार्डं. अक्षर मोत्यासारखं. पण त्याची एक खोड होती. प्रत्येक फॉर्ममध्ये तो एक रकाना मुद्दाम मोकळा सोडायचा.

त्याचं कारण त्यानं मला सांगितलं होतं. फॉर्म पूर्ण भरलेला असला की खिडकीतला कारकून मान वर न करता तो गठ्ठ्यात टाकतो. रकाना मोकळा दिसला की त्याला विचारावं लागतं. विचारायला मान वर करावी लागते. मान वर केली की समोर म्हातारी दिसते, तिचं फाटकं लुगडं दिसतं, तिचा आवाज ऐकू येतो. एवढं झालं की काम पुढे सरकतं. मी म्हटलं, "कारकुनाला प्रॉम्प्टिंग करतोस की काय रे?" त्यावर तो बराच वेळ हसत होता.

मग फॉर्म कॉम्प्युटरवर गेले. सदुसष्टाव्या वर्षी नागनाथ शेजारच्या दुकानात बसून ते शिकला. मला कौतुकानं येऊन सांगायचा, की हा फॉर्म जिवंत आहे. तालुका निवडला की गावं आपोआप उघडतात, जन्मतारीख चुकली की लाल अक्षरांत लगेच टोकतो. "माझी जागा घेतली बघा यानं," असं म्हणायचा, पण चेहऱ्यावर राग नसायचा.

त्याच्या गल्लीत पारूबाई राहते. आयुष्यभर विड्या वळून तिनं आईवेगळी नात वाढवली. नात म्हणजे धम्मप्रिया. पोरीला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला, पण खोली घेऊन राहायची ऐपत नव्हती. वसतिगृह मिळालं तरच शिक्षण, नाहीतर घरी, असा सरळ हिशेब होता. वसतिगृहाचा फॉर्म अर्थात नागनाथनं भरला.

त्यात शेवटी एक रकाना होता. वसतिगृहाची गरज का आहे ते थोडक्यात लिहा. नागनाथनं नेमका तोच मोकळा सोडला. खाली लाल अक्षरं आली, की हे भरणं आवश्यक आहे. ती वाचून त्याला बरंच वाटलं. आवश्यक आहे म्हणजे तिथे नक्की विचारतील. त्यानं माहिती जतन केली, हिरवी खूण आली, कागद छापून घेतला. पुढचं तिथल्या खिडकीवर व्हायचं, तीस वर्षं होत आलं तसं.

आणि पोरीची तालीम सुरू झाली. रोज संध्याकाळी त्या टेबलापाशी. मीही दोनदा गेले होते. आधी ती लांबण लावायची. नागनाथनं तिच्याकडूनच एकेक वाक्य गाळून घेतलं. शेवटी तीनच उरली. माझी आजी विड्या वळते. तिची बोटं आता सरळ होत नाहीत. मी नर्स झाले तर ती थांबेल. दुसऱ्या वाक्यानंतर जरा श्वास घे, एवढं मी सांगितलं. पोर इतकं साधं बोलायची, की मी उभ्या आयुष्यात रंगमंचावर तसं बोलले नाही.

दोघं पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेली. नागनाथनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिथे खिडकीच नव्हती. एक टेबल, कॉम्प्युटरचा पडदा आणि त्यामागे एक बाई. तिनं नंबर टाकला आणि सांगितलं, की एक रकाना मोकळा म्हणून अर्ज नुसता जतन झालाय, आमच्याकडे आलेलाच नाही, मुदत शुक्रवारी संपली. बाई वाईट नव्हती. तिनं पडदा फिरवून दाखवलासुद्धा.

नागनाथ म्हणाला, "मॅडम, हिला एकदा विचारा तरी."

"काय विचारू, काका?"

नागनाथनं धम्मप्रियाकडे पाहिलं. पोरीनं श्वास घेतला. मग टेबलावरचा कागद उचलून नीट घडी घातली आणि म्हणाली, "काही नाही, मॅडम."

परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली, की आबा, आजीला मी सांगते. नागनाथ घरी येऊन पडून राहिला. पारूबाई भांडायला येईल म्हणून दाराकडे कान लावून होता. कुणी आलं नाही. आठ दिवसांनी नळावर पारूबाईच भेटली आणि कपाळाला हात लावून सांगू लागली, की पोरीनं घात केला, मार्क कमी पडले म्हणून वसतिगृह गेलं.

नागनाथनं घागर तिथेच ठेवली. तिच्यामागं तिच्या घरी गेला आणि सगळं सांगितलं. रकाना, लाल अक्षरं, हिरवी खूण. धम्मप्रिया आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

पारूबाईच्या मांडीवर विड्यांचं सूप होतं. तिनं ते बाजूला सारलं.

"आठ दिस मी त्या पोरीशी धड बोलले न्हाय, भाऊ," ती म्हणाली. "काल ताटावरनं उठवली तिला."

बस्स. आत पुन्हा भाकरीचा आवाज सुरू झाला.

हे सगळं त्यानं माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. बाई, तुम्ही तरी शिव्या द्या, म्हणाला. मी रंगमंचावर राजांना शिव्या घातल्या आहेत, पण त्याला मी चहा दिला. तसाच ठेवून तो गेला.

आता टेबल नाही. धम्मप्रिया सकाळी सोलापुरातल्याच कॉलेजात बी.ए.ला जाते आणि दुपारी आजीशेजारी बसून विड्या वळते. हात चांगला बसलाय तिचा, असं पारूबाई सांगते, आणि सांगताना पोरीकडे बघत नाही.