बसायला दिलेला दगड

"साहेब, चावून तं पाहा," असं म्हणत ते दगडाची कपची उचलायचे, धोतराला पुसायचे आणि समोरच्याच्या हातात द्यायचे. समोरचा गोंधळला की स्वतःच तोंडात टाकून, डोळे मिटून पुढच्या दातांनी कुरतडायचे. वणीकडच्या खेड्यांत विहिरी खोदण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सगळे त्यांना मामा म्हणत.

मी तेव्हा यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत, विहिरींच्या जागा तपासायच्या कामावर नवा लागलो होतो. गळ्यात भिंग, पिशवीत हातोडी आणि डोक्यात पदवी. वालुकाश्म आणि पंकाश्म यांतल्या फरकावर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती. मामांनी तो उभ्या उभ्या सांगितला. "दाताखाली कचकचला तं वाळूचा, त्यात पानी खेळते. लोण्यावानी फिरला तं चिखलाचा, तो पानी अडवते." माझ्या चार पानांत याहून जास्त काही नव्हतं, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

कापसाने दगा दिलेली ती वर्षं. मामांच्या वस्तीतल्या बाया दूरच्या एका शेतातल्या विहिरीवर पाणी भरायच्या. उरलीसुरली कपाशी जगवायची म्हणून मालकाने ते बंद केलं. मग वस्तीतल्या बुद्धविहाराशेजारी सरकारी विहीर मंजूर झाली, पण मामांनी तीस हात खोदूनही कोरडीच. पुढे खोदायचं की काम थांबवायचं, हे आता माझ्या कागदावर ठरणार होतं.

मी ऐटीत गेलो. मामांनी एक दगड धुऊन ठेवला होता. "बसा साहेब." बसलो, चहा प्यायलो. मग शेजारच्या ढिगातले वीसेक तुकडे भिंगाखाली घातले. सगळा पंकाश्म. मांडीवर वही घेऊन लिहिलं, वाळूचा थर नाही, पाणी लागणार नाही, काम बंद करावं. रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया माझ्या पेनाकडे बघत होत्या.

"काय लिवलं, साहेब?"

मी वाचून दाखवलं. मामांनी छिन्नी उचलली.

"जरासे उठता काय?"

मी उठलो. त्यांनी मी बसलो होतो त्या दगडाचा कोपरा छिन्नीने उडवला आणि कपची माझ्या हातावर ठेवली. मी चावली. कचकच पार कानापर्यंत गेली.

"हा कुठला?"

"काल तळातून निघाला. पयला पक्का दगड आमी ढिगावर नाही फेकत. पाहुन्याले बसाले ठेवतो."

म्हणजे वालुकाश्म नाही, असं मी वालुकाश्मावर बसून लिहिलं होतं. एवढी लाज मला नापास होतानाही वाटली नव्हती. मी पान फाडलं. मामा हसले नाहीत. "चूक आमची," म्हणाले, "तुमच्याच खाली ठेवला ना."

आणखी चार हातांवर पाणी लागलं.

पुढे मामांचे दात गेले. कुठल्याही विहिरीवर भेटलो की कपची माझ्या हातात द्यायचे. "तुमीच सांगा आता. मले कळून नाही राह्यलं." मी चावायचो आणि म्हणायचो, "कचकचतो, मामा." ते मान हलवायचे. त्या मान हलवण्याचा मला पदवीपेक्षा जास्त अभिमान होता, आणि अजून आहे.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. वस्तीत गेलो तेव्हा त्यांची सून विहिरीवर पाणी भरत होती. काठाशी तो दगड तसाच होता, एक कोपरा उडालेला. तिने घागर खाली ठेवली आणि पदराने दगड पुसला.

"बसा साहेब."

मी उभ्यानेच पाणी प्यायलो.