झाकण लावलेला लॅपटॉप

भूतबित सगळं झूट, असंच मी आजवर म्हणत आलो. मुरुडला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. "आपोआप चालू होतो हो" म्हणत गिऱ्हाईक आलं की मी सेटिंग बघतो, उतारा काढत नाही. तरीही हे लिहितोय...

आम्ही कोळी. आईचा एक नियम — घरातलं माणूस समुद्रावर असेपर्यंत देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही. माझा धाकटा भाऊ रुपेश मामाच्या होडीवर जायचा. निघताना तो लॅपटॉपसुद्धा बंद करायचा नाही, चार्जरची वायर तशीच ठेवून नुसतं झाकण लावायचा. बॅटरी फुगेल म्हणून मी ओरडलो की म्हणायचा, "दादा, बंद केला तर आय मारंल." आई गालातल्या गालात हसायची.

मागच्या वर्षी होडी उलटली. मामाला दुसऱ्या होडीने उचललं. रुपेश सापडला नाही... अजूनही नाही.

आईने दिवा तसाच ठेवला. भाऊबंद म्हणायला लागले, देह नाही तर दर्भाचा पुतळा करून क्रिया करा, पोराला किती अडकवून ठेवणार? आई ऐकेना. धड जेवायची नाही, रात्री उठून तेल घालायची. भाऊ गेलाच होता, आता आईही जाणार अशी मला भीती वाटायची.

लॅपटॉपला ती हात लावू देत नव्हती. शेवटी बॅटरी खरंच फुगली, तेव्हा मी वायर सोडवली आणि बॅटरी काढून दुकानात नेली. इथे एक सांगायला हवं. स्लीपमधला, म्हणजे नुसतं झाकण लावलेला लॅपटॉप उघडं काम मेमरीत धरून ठेवतो आणि त्याला थोडी का होईना, वीज लागते. वीज तुटली की मेमरी कोरी. हायबरनेट असतं तर ते डिस्कवर उतरलं असतं, पण डिस्क लहान म्हणून मीच ते बंद करून दिलं होतं. म्हणजे आत रुपेशचं उघडं काम काहीच उरलं नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी आम्ही जेवत होतो. गावात लाइट नव्हती. फळीवर लॅपटॉप — बॅटरी नाही, वायर नाही — आणि त्याचा पंखा फिरायला लागला.

आईने खरकट्या हाताने झाकण उघडलं. पडद्यावर घड्याळ होतं रुपेश निघाला त्या पहाटेचं, थांबलेलं. खाली एक चित्र. तो घेणार होता त्या नव्या होडीच्या नावाची पाटी, अर्धी रंगवलेली — 'जानकी'. आईचं नाव. तेवढं तिला वाचता येतं.

मग पडद्यावरचा माउसचा बाण हलला. मी हात लावलेला नव्हता. तो सरळ शट डाउनवर गेला. चित्र सेव्ह केलेलं नव्हतं, म्हणून चौकट आली.

"काय इचारतंय?" आई म्हणाली.

"चित्र ठेवायचं का, म्हणून."

बाण बराच वेळ तिथेच थांबला. मग 'नको'वर गेला आणि पडदा काळा झाला.

"काय बोलला?"

"नको म्हणाला, आई."

तिने हात धुतले. देवापुढचं फूल उचलून दिवा शांत केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भटाला सांगून ये."

क्रिया झाली. आई आता दोन घास खाते. लॅपटॉप मी पूर्ण खोलून तपासला, तो चालावा असं त्यात काही नाही. फुगलेली बॅटरी अजून माझ्या खणात आहे.

पण बाण थांबला होता, तेवढ्या वेळात मी हात पुढे करून 'हो' दाबू शकत होतो. दाबलं असतं तर काय झालं असतं... तेही मला माहीत नाही.