चिंचेने घासलेलं पितळ

आखातातल्या रिग्गई वस्तीत, आमच्या स्वयंपाकघरात बायको आमटीसाठी चिंच भिजवते, त्या वासानं मला काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आठवतात. गावी थोरल्या भावाकडे नेमबाजीसाठी परवान्याची रायफल होती. तयार काडतुसं परवडेनात, म्हणून पुंगळ्या पुन्हा भरायची रीतसर परवानगी काढून त्यानं एक जुनं हातयंत्र घेतलं होतं. मी इथल्या एका शूटिंग रेंजवर एसी दुरुस्तीला जायचो. तिथले पुण्याचे इंजिनियरसाहेब म्हणाले, "फेकूनच देतात रे त्या. ने बिनधास्त, कोणी विचारलं तर मी आहे." मी खोलीवर बसून पुंगळ्या चिंचेनं लख्ख घासल्या आणि सुट्टीच्या बॅगेत भरल्या. सुट्टीआधीच फोन आला, वडील अत्यवस्थ आहेत. तीच बॅग उचलून विमानतळ गाठला. स्कॅनरपाशी पोलिसानं मला बाजूला घेतलं. आत दारू नाही, गोळी नाही, नुसतं पितळ आहे, असं मी मोडक्या अरबीत सांगत राहिलो. शेवटी साहेबांना फोन लावला. "कसल्या पुंगळ्या? माझं नाव मध्ये आणू नकोस," म्हणाले आणि फोन ठेवला. मला सोडलं तोवर विमान गेलं होतं. गावी पोचलो, तेव्हा वडिलांना अग्नी देऊन झाला होता. "तुझा काही पत्ताच लागेना रे," भाऊ एवढंच म्हणाला. पुढे त्यानं ते यंत्र भंगारात दिलं. साहेब अजून इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटतात. यंदा आरतीनंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हसत विचारलं, "काय रे, भावाचं ते नेमबाजीचं जमलं का?" त्यांना तो फोन आठवतच नव्हता. मी "नाही" म्हणालो आणि चपला शोधू लागलो.