गालाला कळलेली ओल

सीलरच्या डब्याचं झाकण उघडल्यावर येणारा उग्र वास नाकात गेला, की मला सापगावातलं एक जुनं घर आठवतं. त्या घरच्या मुलीच्या हळदीआधी ओटीवरच्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या धुऊन, घासून त्यांवर सीलर मारायचं काम मी घेतलं होतं, म्हणजे हळदीचे डाग आत मुरणार नाहीत. माझ्या हाताखाली खर्डीकडच्या पाड्यावरची एक बाई होती. लादी सुकली का हे पाहायला ती ओणवी होऊन जमिनीला गाल लावायची. हळदीच्या आदल्या सकाळी तिनं तसाच गाल लावला आणि म्हणाली, "दादा, आतून ओल हाय. दोन दिस तरी थांबा." मी हसलो. "हळद काय तुझ्या गालासाठी थांबणार गो?" "हळद थांबणार नाय, पण गाल खोटा बोलत नाय," ती म्हणाली. मी सीलर मारला. हळदीला लादी छान चमकली. महिन्याभरात आत कोंडलेली ओल पांढरी होऊन वर आली आणि सगळी नक्षी त्या पांढऱ्या थराखाली गेली. मालकांनी दोघांना बोलावलं, तेव्हा मी म्हणालो, "हिनं धुताना पाणी जास्त ओतलं." "दादा, मी?" एवढंच ती बोलली. पुढे शहापूर-मुरबाडात तिला कुणी लादीच्या कामाला घेतलं नाही, मीही नाही. ती वीटभट्टीवर गेली आणि तिथंच वारली. आता माझंही वय झालं आहे, म्हणून तिच्या मुलांनी आणि त्या घरच्यांनी वाचावं यासाठी लिहून ठेवतो. लादी ओली होती, तिनं मला ते सांगितलं होतं, आणि सीलर मी मारला.