दिग्रसची लसवाली

मानवजातीच्या रक्षणासाठी जन्माला आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर लहानपणापासूनच एक तेज असतं. नगर वाचनालयाचा ग्रंथपाल म्हणून नोकरीभर थोरांची चरित्रं चाळली, त्या सगळ्यांत हे तेज होतं. आमच्या लसवालीच्या चेहऱ्यावर मी कायम झोपच पाहिली. हैदराबादहून बसने पांढरकवडा, तिथून यवतमाळ, मग दिग्रस. घरी पिशवी टाकायची, वाचनालयात यायचं, वर्तमानपत्र उघडायचं आणि पहिल्याच पानावर मान टाकायची, ही तिची माहेरी येण्याची रीत होती.

ती मोटारसायकलींचे मेकॅनिक उस्ताद यांची धाकटी मुलगी. घरातलं नाव बेबी. हैदराबादच्या एका कंपनीत कोरोनाची नवी लस तयार करणाऱ्या गटात तिला घेतलं आणि गावाने तिचं नाव बदलून लसवाली केलं. भाजीवालाही ‘लसवाली आली का?’ असं विचारायचा, जणू ती दारोदार टोपली घेऊन फिरते.

उस्तादांनी आयुष्यात कधी ‘गाडी दुरुस्त झाली’ असं म्हटलं नाही. किक मारायचे, कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, “सध्या चालून राह्यली. घेऊन जा.” गिऱ्हाइकं वैतागायची, पण परत त्यांच्याकडेच यायची. उस्ताद गेले, गॅरेज बंद झालं आणि ‘सध्या’ हा शब्द मुलीकडे आला. लस कशी आहे? “सध्या बरी आहे.” यश येईल का? “सध्या माहीत नाही.” ज्या गावात मान्सूनपासून अमेरिकेच्या निवडणुकीपर्यंत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, तिथे एवढं शिकून ‘माहीत नाही’ म्हणणारी मुलगी म्हणजे लोकांना फी वाया गेल्यासारखी वाटे.

“कोरोना तं गेला ना बेबी, आता लस कायले?” असं कुणी विचारलं की ती कंटाळत नसे. “गेला नाही काका,” ती सांगे, “आमी त्याचा फोटो गावभर लावतो, तवर तो दाढी काढून हिंडून राह्यला. आंग त्याले वळखतच नाही.” मग ती सांगे की विषाणूच्या अंगावर काटे असतात, त्या काट्याचं नुसतं प्रथिन त्यांच्याकडे बनवतात, विषाणू नव्हे, शरीराला तेवढं दाखवलं की ते ओळख ठेवतं. “जुन्या लशीत दाढीमिशीचा फोटो होता. आता आमी नाकाचा काढून राह्यलो. नाक सहसा बदलत नाही.” आणि क्षणभर थांबून, “सध्या तरी.”

एकदा व्यापाऱ्यांच्या मंडळाने तिचा सत्कार ठेवला. अध्यक्षांनी लशीला ‘अजिंक्य’ आणि तिला ‘विश्वाची तारणहार’ म्हटलं, आणि हा सगळा दिग्रसच्या मातीचा गुण असल्याचं जाहीर केलं. बेबी उठली. “माझ्या बाबतीत मातीचं सांगता येत नाही,” ती म्हणाली, “आमच्या गॅरेजात ग्रीसच जास्त होतं.” लोक हसत होते तेवढ्यात मागून एक शेतकरी उभा राहिला. “ताई, हे आमच्या कापसाच्या बियाण्यावानीच झालं का? पह्यले बोंडअळी मरे. मंग तिले सवय झाली. आता तेच बोंड खाऊन मजेत हाय.” अध्यक्षांनी त्याला हातानेच बसवायचा प्रयत्न केला. बेबी मात्र खुलली. “बरोबर दादा. अगदी तसंच. म्हणून तं मले झोप नाही.” ‘अजिंक्य’ शब्द शालीसोबत घडी करून ठेवावा लागला.

झोप नसण्याचं आणखी एक कारण होतं. ते तिच्या घरीच होतं. तिची अम्मी, म्हणजे आमच्या भाभी, सांध्यांच्या जुन्या दुखण्याने बेजार होत्या. त्या दुखण्याच्या गोळ्या शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दामच खाली ठेवतात. म्हणून आधीच्या लशी भाभींच्या अंगी नीट लागल्याच नव्हत्या. पुन्हा साथ आली तर ती भाभींना सोपी जाणार नव्हती. बेबी या कामात शिरली ती मानवजातीपेक्षा या एका बाईसाठी, असा माझा तर्क. तिने तो मान्य केला नाही. खोडूनही काढला नाही.

आता आमच्याकडे कापसाच्या जिनिंगमधला माणूस घरच्या म्हशीसाठी सरकी आणतो आणि बेकरीतला टोस्ट. साऱ्या गल्लीला प्रश्न पडे की बेबी पर्समध्ये एक शिशी का टाकत नाही. भाभींनाही पडे. “कंपनीले काय कमी पडते भाऊ?” त्या मला विचारत.

पुढे त्या लशीची माणसांवरची चाचणी सुरू झाली आणि यवतमाळच्या एका दवाखान्यातही नोंदणी निघाली. चाचणीत काम करणाऱ्यांचे नातेवाईक चालणार नव्हते आणि भाभींच्या गोळ्या घेणारेही. भाभींनी गोळ्यांचा डबा तांदळात लपवला, शेजारणीला सोबत घेतलं, एसटीने यवतमाळ गाठलं आणि आपण ठणठणीत असून हैदराबादेत कुणाला ओळखतही नाही असं सांगून आल्या. तपासणी झाली, पुढच्या आठवड्यात बोलावलं. मुलीला काही कळू द्यायचं नव्हतं. पण आनंद पोटात राहीना. त्याच संध्याकाळी त्यांनी फोनवर स्वतःच सांगून टाकलं.

सकाळी बेबीने जिथे कळवायचं तिथे कळवलं. भाभींचं नाव कमी झालं. नंतरच्या बसने ती दिग्रसला आली. मला मध्यस्थ म्हणून बोलावलं होतं, पण मध्ये बोलायला जागा मिळाली नाही.

“साऱ्या दुनियेले टोचून राह्यली, न् मायच्या नावावर काट मारली!”

“अम्मी, तू गोळ्या लपवल्या. तुले काही झालं असतं तं?”

“काय होते? माझ्या पोरीनं बनवली ना?”

“म्हणूनच! अजून मलेच माहीत नाही ते कशी आहे. तुझ्यासारख्या गोळ्या खाणाऱ्याइले ते लागते का, ते पुढं वेगळं तपासाचं आहे. तू मधात खोटं सांगून नाव घातलं तं सगळाच हिसाब चुकला असता. मंग त्या साऱ्याइले कोण सांगन?”

“कोन हायेत ते साऱ्याई? मी वळखतो का त्याइले?”

बेबीने तांदळातून गोळ्यांचा डबा काढला आणि अम्मीपुढे ठेवला. मी कपाटभर चरित्रं चाळली होती, त्यांत हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला आठवेना.

भाभींनी अबोला धरला. पण मुलीचा फोन चुकवत नसत. फोनचा आवाज मोठा करून ठेवायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, “तिले सांग, मी जेवली. तिले सांग, गुडघा दुखते.” तिकडून बेबी म्हणायची, “अम्मीले सांगा, शेक घे.” शेजारणीला दोन्हीकडचं काहीच सांगावं लागत नसे.

त्याच हिवाळ्यात भाभींना कोरोना झाला. यवतमाळला दाखल केलं, ऑक्सिजन लागला. बेबी दवाखान्याच्या बाकावर बसून होती. मी डबा घेऊन गेलो, तो तिने उघडला नाही. न विचारायचा प्रश्न मी विचारला: पुन्हा तशी वेळ आली तर अम्मीचं नाव कमी करशील का?

“हो,” ती म्हणाली.

मी ‘सध्या’ची वाट पाहिली. ते आलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि मी डबा परत पिशवीत ठेवला.

भाभी वाचल्या. तोंडावरचा मास्क निघाला तेव्हा त्यांनी समोरच्या मुलीकडे पाहिलं आणि नर्सला म्हणाल्या, “हिले सांगा, केसं विंचर म्हना.” बेबीने बाहेर जाऊन केस विंचरून वेणी घातली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. भाभींनी ती वेणी सोडली आणि वाकड्या बोटांनी पुन्हा घातली. “अशी घालतेत का?” हे त्या थेट तिला म्हणाल्या.

चाचणीचा निकाल चांगला आला. पण निकाल येईपर्यंत गिऱ्हाईक उरलं नव्हतं. लोकांना कोरोनाचं नाव नको झालं होतं. गोळ्या खाणाऱ्यांची वेगळी चाचणी झालीच नाही. कंपनीने काम गुंडाळलं आणि बेबीला पशुवैद्यक विभागात पाठवलं. आता ती ईदला तेवढी येते. आली की वाचनालयात येऊन झोपते. सत्काराला कुणी बोलावत नाही. मात्र कुणी माझ्यासमोर छातीठोकपणे काही सांगू लागलं, की मी मनातल्या मनात त्यापुढे ‘सध्या’ लावून पाहतो. बहुतेक वाक्यं त्याने सुधारतात.

ती सध्या कोंबड्यांच्या लशीवर काम करते. त्या लशीला नातेवाइकांची अट नाही. भाभींनी मागच्या अंगणात डझनभर कोंबड्या आणल्या आणि मुलीकडून सगळ्यांना टोचून घेतलं. अंडी मध्यम आकाराची येतात.