बदामाची दुर्री

मास्तरांचा आवाज गेला तेव्हा गिऱ्हाइकांचं फारसं अडलं नाही. कपडे शिवायला आवाज लागत नाही. तारखेवर तारीख देताना ते आता तोंडाने सांगण्याऐवजी बोटं दाखवत, एवढाच काय तो फरक. हळहळली ती रविवारची मंडळी.

रविवारी दुकान बंद असे, पण मागचं दार उघडं असे. कापड बेतायच्या लांब टेबलावरून टेप, खडू, कात्री बाजूला होई आणि खेळ सुरू होई. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, असा तो खेळ. एरवी घरोघरी पंखे दुरुस्त करणारा मास्तरांचा मेहुणा इथे जादूगार होता. शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्या बाई घोड्यावरून दरोडे घालत. गोष्ट सांगत अर्थातच मास्तर, आणि तीही आधी काही न ठरवता. समोर पत्त्यांचा जुना कॅट. वाटेत काय भेटणार ते पान ठरवी. इस्पिक म्हणजे संकट, चौकट म्हणजे एखादी वस्तू, किलवर म्हणजे अवघड वाट, बदाम म्हणजे कुणीतरी गरजू. आकडा मोठा तर प्रकरण मोठं. उरलेलं सगळं मास्तरांच्या डोक्यातून यायचं. उलटलेलं पान परत ठेवायचं नाही, हा मात्र त्यांचा नियम.

"कापलेलं कापड ताग्याला परत चिकटतं का? मग आहे त्यात बेता," ते म्हणत.

हे त्यांना जमायचं, आणि आपल्याला जमतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. विनयाचं सोंग त्यांनी कधी आणलं नाही. चौकटीच्या तिर्रीतून त्यांनी एकदा अशी सुई काढली, की तिच्यापायी दोन राज्यांत लढाई पेटली. पुढचा आठवडाभर गिऱ्हाइकांची मापं घेताना ते तीच गोष्ट सांगत होते.

मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण गळ्यात नुसती कुजबुज उरली. कुणी "काय म्हणालात?" असं विचारलं की मास्तर मान फिरवत. बोलण्यावर त्यांनी जवळजवळ पाणीच सोडलं. एके दिवशी त्यांनी कॅट लेकीच्या हातात ठेवला.

लेक दुकानात त्यांच्या शेजारच्याच मशीनवर बसायची. बापाला ओळखून होती.

"सांगते मी गोष्ट," ती म्हणाली, "पण तुम्ही खेळणार असाल तरच. नुसतं बघायला बसायचं नाही."

मास्तर तलवारबाज झाले खरे, पण टेबलाशी बसून त्यांनी ब्र काढला नाही. मान हलवायची, हातवारे करायचे. मेहुणा मध्येच "दाजींना म्हणायचंय की..." असं सुरू करी आणि हमखास भलतंच सांगे.

एका रविवारी गोष्ट पुलापाशी आली होती. पुलावरचं कुणीतरी येणाऱ्या गाड्या उचलून नदीत फेकत होतं. मेहुण्याने याच लढाईसाठी विजेचा मंत्र राखून ठेवला होता. लेकीने पान उलटलं. बदामाची दुर्री.

"हात्तिच्या," मेहुणा म्हणाला. "एवढी तयारी केली आणि दुर्री? ठेव ती परत, दुसरं काढ."

"नवीन आहे ती अजून," बाई म्हणाल्या. "एवढं चालायचं."

लेकीने बापाकडे पाहिलं. या पानाचं आपण काय केलं असतं, हे मास्तर मनातल्या मनात शोधत होते आणि त्यांना काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

लेकीने पान तळहाताने टेबलावर दाबून धरलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"पुलावर राक्षस बसलाय. केवढा थोरला. पण तो उठत नाही. त्याच्या मांडीवर दोन लेकरं झोपलीत, रडून रडून आत्ताच कुठे डोळा लागलाय त्यांचा. गाड्यांच्या खडखडाटाने ती जागी होतात. राक्षस तुमच्याकडे बघतो आणि ओठांवर बोट ठेवतो."

"मग मी वीज..." मेहुण्याने सुरुवात केली.

"मामा, हळू. एक लेकरू चुळबुळलं."

मेहुण्याने हळू बोलून पाहिलं, ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असतं. बाईंना हसू फुटलं आणि त्यांनी पदराने तोंड दाबलं. मग दोघंही मास्तरांकडे बघू लागली. लेक मात्र पानाकडे बघत होती.

मास्तर पुढे वाकले.

"दादा," तलवारबाज राक्षसाला म्हणाला, "किती दिवसांत झोपला नाहीस तू? दे, एक माझ्याकडे दे. मी धरतो. तू जरा पाठ टेक."

शब्द न् शब्द ऐकू आला, कारण सगळ्यांनी श्वास रोखला होता. राक्षस तितक्याच हळू आवाजात म्हणाला, "उठलं तर?"

"उठलं तर गोष्ट सांगेन. येतात मला."

पूल ओलांडेपर्यंत मास्तर बोलत होते. पलीकडे पोहोचल्यावरही थांबले नाहीत, आणि कुणाला मोठ्याने बोलायचं सुचलं नाही.

सोमवारी एक गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला उभं होतं. मास्तर त्याच्या खांद्याला टेप लावून काहीतरी पुटपुटत होते.

"काय म्हणालात?" त्याने विचारलं.

शेजारचं मशीन थांबलं.

मास्तरांनी मान फिरवली नाही. ते त्याच्या कानाशी वाकले आणि पहिल्यापासून सांगू लागले. "माझ्या लेकीने," ते म्हणाले, "दुर्रीतून राक्षस काढला."