निकाल उलटा वाचायला शिकवणारे तायडे साहेब

तायडे साहेब गेल्याचं पत्र मला मी आता शिकवते त्या लॉ कॉलेजात मिळालं. त्यांच्या मुलीने, सुमनने, तीनच ओळी लिहिल्या होत्या. बाबा मंगळवारी पहाटे गेले, झोपेतच. तुमचा पत्ता त्यांच्या वहीत होता म्हणून कळवते... पुढच्या तासाला मला पोटगीचा कायदा शिकवायचा होता. वर्गात गेले, फळ्यावर कलमाचा आकडा लिहिला. ते कलम मला पाठ होतं, पण ते माणसाला लावायचं कसं हे मला वाशीमला त्या माणसाने शिकवलं. आणि ते शिकण्याआधी मी एका बाईचं नुकसान करून बसले होते.

आणीबाणी लागली त्याच वर्षी वाशीमच्या कोर्टात न्यायाधीश म्हणून माझी पहिली नेमणूक झाली. वय सत्तावीस. त्या खुर्चीवर बाई बसलेली तिथे कुणी पाहिली नव्हती. ज्यांची तारीख नसे तेही दारातून डोकावून जात. वकिलांच्या खोलीत काय बोललं जातं ते शिपाई न विचारता सांगायचा. आता बायकांचे सगळे अर्ज मंजूर होणार, अशी तिथे थट्टा चाले. मी धास्तावले. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. बाई बाईचीच बाजू घेते, एवढं एक वाक्य वर पोचलं की संपलं, असं वाटायचं. म्हणून समोर बाई उभी राहिली की मी जास्तच कडक होत असे, आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हणत असे.

शेवंता मंगरूळपीरकडच्या एका खेड्यातली. नवरा कारकून होता. तो मारतो म्हणून ती वाशीमजवळ भावाकडे आली होती, लोकांच्या शेतात निंदणाला जात होती, आणि तिने पोटगी मागितली होती. नवऱ्याने माझ्यासमोर हात जोडून सांगितलं की मी हिला नांदवायला तयार आहे. ती म्हणाली, जाणार नाही. मारहाणीला साक्षीदार नव्हता. पती नांदवण्यास तयार असताना अर्जदार विनाकारण वेगळी राहते, असं लिहून मी अर्ज फेटाळला. निकाल कळल्यावरही ती जागची हलली नाही. पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला तेव्हा शिपायाने तिला बाजूला केलं.

तायडे साहेब निवृत्त न्यायाधीश. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वर्षी हे स्वतः वकिली करत होते. निवृत्तीनंतर ते आसपासच्या तालुक्यांतल्या आम्हा चार-पाच नव्या न्यायाधीशांना रविवारी दुपारी घरी बोलवत. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं त्यांनी स्वतः मराठी केलं होतं. त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती आमच्या हातात देत. ते दिवस असे की आम्ही एकेकटे, थोड्या थोड्या अंतराने यायचो. फाटकाची कडी वाजली की प्रती गादीखाली जात. ते मात्र शांत असत. म्हणत, "हक्क सध्या कोर्टात मांगता येत नसतीन, पन समजून घ्याले तं मनाई नाही ना?"

त्यांचा नियम एकच. चालू प्रकरणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. लागलेला निकाल आणायचा आणि नवऱ्याच्या जागी बायको, बायकोच्या जागी नवरा घालून मोठ्याने वाचायचा. मी शेवंताचा निकाल नेला, कारण त्यातली भाषा मला फार नेटकी वाटत होती. पत्नी मारते असं पती सांगतो... पत्नी नांदवण्यास तयार असताना पती विनाकारण... मंगरूळपीरचे न्यायाधीश हसले आणि मग सावरून बसले. माझी जीभ त्या 'विनाकारण'वर अडली.

"जजसाहेब, मार खाल्ला त्या घरी त्यानं वापस काहून जावं?" साहेबांनी विचारलं.

पुरुषाला असं कुणी सांगणार नाही, असं मी कबूल केलं. मग तिले काहून सांगतलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी खरं ते बोलले, की लोक काय म्हणतील याची भीती वाटली. त्यांनी निकालाचा कागद मिटून माझ्या हातात दिला.

"म्हंजे तुमच्या भेवाचा दंड तिनं भरला."

दिलेला निकाल मला बदलता येत नव्हता. तो फिरवायचा तर अकोल्याच्या सेशन्स कोर्टाने, आणि तेही ठरलेल्या मुदतीत शेवंता तिथे गेली तर. काय करू, असं मी साहेबांना विचारलं. न्यायाधीशाने पक्षकाराच्या दारात जायचं नसतं, एवढंच बोलून त्यांनी विषय बंद केला. त्यानंतर रोज सकाळी मी अकोल्याचं टपाल आधी उघडून बघायची. ती तिथे गेली आणि त्यांनी कागदपत्रं मागवली तर माझ्यावर ताशेरे, नाही मागवली तर तिचं सगळं संपलं... दोन्हींची भीती वाटायची. अन्न गोड लागेना. मुदत संपत आली असताना कागदपत्रं मागवणारं पत्र आलं, आणि काही महिन्यांनी निकाल. माझा हुकूम रद्द, पोटगी मंजूर, आणि माझ्या निष्काळजीपणाबद्दल दोन ओळी. त्या दोन ओळींमुळे माझं कायम होणं लांबलं. पण त्या दुपारी मला कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली.

पत्र मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी मी वाशीमला गेले. पुढच्या खोलीत, जिथे आम्ही बसायचो तिथे, सतरंजीवर एक बाई बसली होती. शेवंता. इतक्या वर्षांनीही मी तिला ओळखलं आणि दारातच थबकले. तिने मला नीट निरखून पाहिलं.

"तुमीच माहा अर्ज फेटाळला व्हता."

मी हो म्हणाले. तिने सांगितलं की साहेबांनीच तिला एसटीत बसवून अकोल्याच्या वकिलाकडे नेलं होतं. हे त्यांनी मला कधीच कळू दिलं नव्हतं.

"निकाल लागल्यावर मले म्हनले, त्या जज बाईलेबी वाटत व्हतं, तूच जितावं म्हनून. खरं हाय का हे?"

"खरं आहे," मी म्हणाले.

मग ती सरकली आणि सतरंजीवर माझ्यापुरती जागा केली.